जंगलात बसायला मिळतं

वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत सापडलेला सगळ्यात जुना लेखी मजकूर सहलींविषयी आहे. ही थट्टा नव्हे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचं ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणलं, आत बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच वर्षी सोपाऱ्यातच त्यांच्या हाती अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा लागला. सम्राटाचे मोठे शिलालेख चौदा. त्यांत प्राणिहत्या थांबवण्यापासून माणसांच्या आणि जनावरांच्या औषधपाण्यापर्यंत आणि कलिंगच्या युद्धानंतरच्या पश्चात्तापापर्यंत बरंच काही आहे. आपल्या वाट्याला नेमका आठवा आला. गिरनार, कालसी इथल्या धडधाकट प्रतींवरून त्याचा आशय पुरता कळतो: मागचे राजे मौजेखातर यात्रांना निघत, शिकार करत, मन रमवत; आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधिवृक्षाच्या ठिकाणी, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. म्हणजे सहलीला सम्राटाची हरकत नव्हती. फक्त कशासाठी जायचं ते त्याने बदललं. पुढे 1956 साली भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्यात लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना जे फुटकळ विधी करतात त्यांच्याबद्दल नाराजी आहे. चाकाखाली लिंबू ठेवून निघणाऱ्या आमच्या मिनीबसांनी दोन्ही लेख वाचलेले दिसत नाहीत.

बावीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या गावात वाद तोच आहे. जंगलात जायचं खरं, पण कशासाठी? जंगलाची उणीव नाही. महामार्ग ओलांडला की पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर उभे आहेत. 2003 साली त्यांचं अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. दक्षिणेला नागल्याच्या जंगलातून त्याची नाळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाते. 2011 च्या जनगणनेत बारा लाखांवर असलेल्या आणि त्यानंतर बरीच वर्षं मोजायला कुणी न आल्यामुळे मोकळेपणाने वाढलेल्या या शहराला रिक्षाच्या अंतरावर बिबट्यांचं जंगल आहे, ही चैन फार थोड्या शहरांच्या नशिबी येते. पण तिथे नुसतं जाणारा माणूस सापडत नाही. कुणी देवाला जातो, कुणी धबधब्याला, कुणी वजन उतरवायला, कुणी फोटोला. ही सगळी निमित्तं तपासून पाहिली तर एकही जंगलाच्या फारसं उपयोगी पडत नाही, असं माझं म्हणणं आहे. जंगलात जाण्याचं खरं सयुक्तिक कारण एकच, आणि ते म्हणजे जेवण. त्यासाठीचा योग्य काळ आषाढ-श्रावण नसून माघ-फाल्गुन. हे म्हणणं खादाडपणाचं वाटेल, म्हणून ते जरा पुराव्यानिशी मांडतो.

पहिला पुरावा विरारच्या माणसाचाच. हा माणूस वर्षभर उभा असतो. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, फास्ट गाडीने सव्वा-दीड तास, आणि या दीड तासात बसायला मिळणं हे त्याच्या ऐहिक सुखाचं शिखर. तिघांच्या बाकावर अर्धा देह टेकवून मिळणाऱ्या चौथ्या सीटसाठी त्याने मैत्र्या केल्या आहेत आणि मोडल्याही आहेत. वसई-नालासोपाऱ्याचा प्रवासी तर चर्चगेटला जायचं असताना आधी उलट दिशेला विरारपर्यंत जातो, कारण गाडी तिथे रिकामी होते आणि बसून परत येता येतं. बसण्यासाठी उलट प्रवास करणारी जमात जगात दुसरी असेल तर तिचा अभ्यास व्हायला हवा. अशा माणसाला रविवारी पहाटे उठवून, पाठीवर पिशवी देऊन, ‘चल, आता चार तास उभ्याने चालायचं’ असं सांगण्यात कोणती करमणूक आहे? त्याला जंगलात न्यायचं तर बसायला न्यावं. आणि मराठी माणूस घराबाहेर दोनच कारणांनी बसतो: गाडीत जागा मिळाली म्हणून, नाहीतर पान वाढलं म्हणून.

यावर ट्रेकवाले खवळतात. जंगल बसून कसं दिसेल, ते पायाखालून गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात एकवेळ ते खपून जाईल. पण माघ-फाल्गुनात तुंगारेश्वरच्या वाटेवर सागाची पानं पडलेली असतात. सागाचं वाळकं पान म्हणजे ताटाएवढा पापड; त्यावर बुटाचा पाय पडला की होणारा आवाज पलीकडच्या खोऱ्यात पोचतो. वीस जणांचा गट अशा पानांतून चालला की भेकरापासून मुंगसापर्यंत सगळ्यांना आपल्या येण्याची, संख्येची आणि वजनाची आगाऊ सूचना मिळते. मग गटप्रमुख सांगतो, ‘आजकाल प्राणी राहिलेच नाहीत.’ प्राणी असतात. ते बसलेले असतात. जंगलाशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आला त्या सगळ्यांनी हे तत्त्व कधीच ओळखलं होतं. शिकारी मचाणावर बसत. वन खात्याला बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात प्राणी मोजायचे असतात, तेव्हा ते माणसांना जंगलभर पळवत नाही. पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसवतं. पक्षी पाहणारा जाणता माणूस एका उंबराखाली सकाळ काढतो. आणि ज्या संबोधीला अशोक गेला, ते ठिकाण तरी कशासाठी प्रसिद्ध आहे? तिथे एक जण झाडाखाली बसला होता. त्याआधी त्याने खूप भटकंती केली होती, देह झिजवला होता, त्यातून हाती काही लागलं नव्हतं. परंपरा असंही सांगते की त्या बसण्याच्या आधी सुजातेने आणून दिलेली खीर होती. क्रम लक्षात घ्यावा.

आता बाकीची निमित्तं. धबधब्याचं निमित्त सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत वाईट. पहिला पाऊस पडला की मुंबईपासून पालघरपर्यंतचा तरुण चिंचोटीकडे लोटतो. तिथे माणसं बुडतात, म्हणून पावसाळ्यात पोलिसांचे मनाई आदेश निघतात, आदेश निघाले की जागेची प्रसिद्धी होते, आणि प्रसिद्धी झाली की ज्यांना ती जागा ठाऊक नव्हती तेही निघतात. धबधब्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला जंगलातलं काय दिसतं? पाणी डोळ्यांत, आवाज कानांत, आणि उरलेलं सगळं लक्ष मोबाइल भिजू नये यात. खाली बसावं तर जमीन ओली, वर पाहावं तर पाऊस. चिखलात उभ्याने कणीस खाणं हे जेवण नव्हे, तो प्रवास आहे.

देवाचं निमित्त मात्र सोपं नाही, कारण ते जुनं आहे आणि वसंताच्या तोंडाशीच येतं. तुंगारेश्वरची वर्षातली मोठी गर्दी महाशिवरात्रीची. परशुरामाने या प्रांतात कोणत्या असुराला कुठे मारलं याच्या कथा शूर्पारकापासून, म्हणजे जुन्या सोपाऱ्यापासून, निर्मळपर्यंत पसरल्या आहेत, आणि तुंगारेश्वरलाही त्यांतली एक मिळालेली आहे. थंडी शिवशिव म्हणत जाते असं म्हणतात ती हीच वेळ. महामार्गापासून देवळापर्यंतचे तीन-चार किलोमीटर त्या दिवशी माणसांनी भरून जातात, आणि ज्याला बाकी वर्षभर इमारतीची लिफ्ट बंद पडलेली चालत नाही तो अनवाणी चढतो. इथे आक्षेप असा येईल की हा तर उपासाचा दिवस. जेवणासाठी जंगलात जावं हे तुमचं प्रमेय इथेच कोसळलं. उलट आहे. इतर कुठल्याही दिवशी जंगलात जाणारा माणूस वडापाववर भागवतो. शिवरात्रीला त्याच्या पिशवीत साबुदाण्याची खिचडी असते, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असते, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू, कवठाची चटणी असते, आणि वाटेत कुणी भाविक प्रसाद म्हणून केळी वाटत असतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण शिवरात्रीलाही लागू पडते, फक्त गुणोत्तर वेगळं. दोष त्या खाण्यात नाही. दोष असा की दर्शनाच्या रांगेत उभं राहून, मागच्याचा धक्का खात ते उरकावं लागतं. देव ठरलेला, वाट ठरलेली, परतीची रिक्षा ठरलेली. मधलं जंगल म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेला पडदा. रांगेत शेजारी ऐनाचं झाड असलं काय आणि विजेचा खांब असला काय, प्रश्न एकच, ‘अजून किती?’

आरोग्याच्या निमित्ताबद्दल फार बोलायला नको. मनगटावरच्या घड्याळाला दहा हजार पावलं हवी असतात आणि ती विरारच्या फलाटावरही होतात. हा दहा हजारांचा आकडा एखाद्या डॉक्टरने शोधला असा समज आहे. तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या, पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून आला. यंत्र विकायचं होतं, आकडा गोल होता, जगाने मान्य केला. त्याच जपानच्या वन खात्याने 1982 साली जंगलात सावकाश वावरण्याला ‘वनस्नान’ म्हणून प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे आता त्याची शुल्क घेऊन शिबिरं होतात, आणि त्यात लोकांना झाडाखाली गप्प बसायला शिकवतात. आमच्या आज्या हे काम आवळीभोजनात फुकट करत होत्या, तेही पोटभर.

जेवणाची शक्ती नेमकी इथे आहे. मराठी समूह जंगलात गप्प बसत नाही. वाटेवर कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं यावर आरोळ्या चालतात, नंतर भेंड्या लागतात, त्यात एखादा ‘ठ’ अडला की वाद होतो, आणि कुणाच्या तरी खांद्यावर तो डबड्यासारखा स्पीकर असतोच. या गोंगाटावर वन खात्याच्या पाट्यांचा परिणाम झालेला नाही. परिणाम होतो तो फक्त पुरी-भाजीचा. पंगतीत पहिली वाढ झाली, पहिले चार घास पोटात गेले की माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. ही शांतता दहा-पंधरा मिनिटं टिकते. लग्नाच्या मांडवात तिचा काही उपयोग नसतो, पण जंगलात तिची किंमत फार. कारण त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा लक्षात येतं की कुठेतरी तांबट केव्हाचा टुक-टुक करतो आहे, आणि तो आता सुरू झाला नसून आपण आता थांबलो आहोत. तोंड रिकामं असलेला माणूस बोलतो. हात रिकामे असलेला फोन काढतो. भाजीत बरबटलेल्या बोटांनी फोनचा पडदा सरकत नाही, ही विज्ञानाने जंगलावर केलेली मोठी कृपा आहे. आणि जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याची नजर घास घेताना खाली आणि चावताना समोर असते. समोर झाड असतं. दुसरं काही करता येत नसल्यामुळे तो ते पाहतो.

काय दिसतं त्याला? इथे मोसमाचा प्रश्न येतो. फाल्गुनातलं रान ओकंबोकं, त्यात पाहायचं काय, हा आक्षेप मी सगळ्यांकडून ऐकायला तयार आहे, पण ज्याने श्रावणात तेच रान पाहिलं म्हणून सांगितलं त्याच्याकडून नाही. श्रावणात हिरवी भिंत दिसते. भिंत सुंदर असते, पण तिच्यामागचं काही दिसत नाही. पानगळ झाली की भिंत पडते आणि खोल्या दिसू लागतात: डोंगराची कड, फांदीवरचं घुबड, मागच्या उतारावर कुणीतरी ठेवलेली मोळी. शिवाय झाडं बिनपानांची असतात म्हणजे रिकामी बसलेली नसतात. काटेसावरीला लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं येतात. ती खाली पडली की भेकराची सोय होते. पांगारा आणि पळस एकही पान नसताना फुलतात, आणि फुललेल्या पळसावर शिंजीर, साळुंक्या, बुलबुल अशी गर्दी होते की सकाळची आठ-चाळीसची गाडी आठवावी. पुढे कोशिंबाला पालवी फुटते ती हिरवी नव्हे, तांबडीलाल. नवख्या माणसाला झाड वाळलं असंच वाटतं. मोहाची फुलं पहाटे टपटपू लागतात. ती वेचणाऱ्या वारली बाईला या जंगलातलं जे ठाऊक आहे ते ट्रेकच्या पुस्तिकेत सापडायचं नाही. आणि तीही, पाहा, चालून वेचत नाही, झाडाखाली बसून वेचते. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पळसाने वेळापत्रक बदलावं अशी मागणी अजून कुणी केलेली नाही एवढंच.

खरा अडसर उन्हाचा. शिवरात्र उलटली की वसईचं ऊन खारं होतं. घाम येतो आणि वाळत नाही. त्यात मी ज्या निष्पर्ण झाडांची एवढी वकिली केली, ती सावलीच्या बाबतीत काही कामाची नाहीत. सागाखाली बसलेल्या माणसाला सावली म्हणून एक खोड मिळतं, आणि त्यासाठी दर अर्ध्या तासाने सरकावं लागतं. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, पण त्याला वळसा घालता येतो, आणि वळसा ओढ्यावरून जातो. उतारावरचं रान उघडं पडतं तेव्हा ओढ्याकाठची जांभळं, करंज, उंबर, आंबे हिरवी असतात, कारण त्यांच्या मुळांना खाली ओल मिळते. ओढ्यात पाणी नसेल, डबकी असतील, पण सावली असते, आणि जिथे डबकं तिथे पाखरं यायचीच. मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका वाटेत भारा कुठे टेकवतात ते पाहावं. ती जागा कोणत्याही ॲपपेक्षा खात्रीची. डबक्याच्या अगदी काठाशी मात्र बसू नये. ते पाणी ज्यांचं आहे त्यांना यायला वाट ठेवावी. सात वाजता निघून नऊला पान मांडलं आणि अकराला उठलं, तर ऊन ही फक्त परतीची अडचण उरते.

कचऱ्याचा आक्षेप याहून जड आहे, आणि तो घेणारे लोक सहसा चांगले असतात. त्यांचं म्हणणं असं की जेवायला लोक गेले की द्रोण, बाटल्या, वेफर्सची पाकिटं तिथेच राहतात. जेवणच बंद करा. पण तुंगारेश्वरच्या वाटेवरचा कचरा जरा निरखून पाहावा. त्यात पाकिटं असतात, बाटल्या असतात, गुटख्याच्या पुड्या असतात, म्हणजे चालता चालता तोंडात टाकायच्या वस्तू. त्यात पोळी-भाजीचा स्टीलचा डबा कधी कुणाला सापडला आहे का? स्टीलचा डबा जंगलात राहूच शकत नाही. त्याच्या झाकणावर आडनाव, आद्याक्षरं आणि बहुधा लग्नाची तारीख कोरलेली असते. तो मोजून दिलेला असतो आणि मोजून परत घेतला जातो. एखाद्या गृहस्थाने डोंगरात पाकीट हरवलं, चष्मा हरवला, तर घरी सांत्वन होतं. तिहेरी डब्यातला मधला हरवून आला तर ते प्रकरण पुढच्या पिढीला सांगितलं जातं. महाराष्ट्रात 2018 साली एकदा वापरायच्या प्लॅस्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली तेव्हा पर्याय काय यावर बरीच चर्चा झाली. पर्याय फळीवर नाव घालून तयार होता. कचरा होतो तो उभ्याने, घाईने आणि बिनघरच्या खाण्यामुळे. शिवाय बसलेल्या माणसाला आपल्याच उष्ट्याच्या शेजारी बसावं लागतं, ही शिस्तीची सगळ्यात जुनी युक्ती आहे.

कायदा काय म्हणतो? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात अभयारण्यात जायला परवानगी कशासाठी द्यावी ते दिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि तिथे राहणाऱ्या कुणाशी रीतसर व्यवहार. जेवणाचा उल्लेख नाही. पण जेवायला बसलेला माणूस वर सांगितल्याप्रमाणे नाइलाजाने अभ्यासच करत असतो, तेव्हा पहिल्या कारणात त्याला सामावून घ्यायला हरकत नसावी. तिसाव्या कलमाशी मात्र चेष्टा नको. ते आगीचं आहे. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही, पेटती सोडायची नाही. फाल्गुनात पाचोळा असा वाळलेला असतो की एका विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो, आणि वणवा लागला की वर्णन केलेली सगळी खोली, घुबडासकट, जाते. म्हणून चूल नाही, शेकोटी नाही, ‘तीन दगड मांडून फक्त चहा’ नाही. याने उकडहंडीवाले हिरमुसतील. आपल्या पालघर भागात थंडीत मडक्यात वाल, कंद, शेंगा घालून केलेली उकडहंडी ज्याने खाल्ली आहे त्याच्या दुःखाची मला कल्पना आहे. पण तिला शेताचा बांध आहे, वाडी आहे. अभयारण्यात जेवण घरूनच न्यायचं. पळसाच्या पत्रावळीवर जेवायची हौस असेल तर तीही बाजारातून. झाडावरची पानं तोडायची नाहीत. फाल्गुनात त्याला ती नसतातच, एवढा पळस कायद्याच्या बाजूने आहे.

घरून काय न्यावं याचा विचार वसईने फार पूर्वीच करून ठेवला आहे. डोंगर चढणारी परदेशी माणसं सोनेरी कागदात गुंडाळलेली पौष्टिक वडी खिशात ठेवतात. आगाशीकडची सुकेळी हे काम केव्हापासून करते आहे: राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, गोडी मुरू द्यायची, केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. पाकीट झाडाने दिलेलं, भार नाही, विटत नाही. दोन सुकेळ्यांवर माणूस तुंगारेश्वर चढतो आणि तिसरी मागतो. ख्रिस्ती घरांतून बाटली मसाल्याचं काही आणि सोबत तळलेले फुगे आले तर ती पंगत सगळ्यांत आधी संपते. आणि आगाशीचंच भुजिंग, भाजलेली कोंबडी आणि पोहे यांचा तो मिलाफ, गार झाला तरी मान खाली घालत नाही. त्याच्या वासाने बिबट्या येईल ही भीती निराधार आहे. बिबट्या बहुधा रात्रीचा हिंडतो आणि माणसांचा घोळका दिसला की वाट बदलतो. भुजिंग शिवरात्रीला किंवा देवळाच्या आवारात न्यायचं नाही एवढं कळायला मात्र कलम लागू नये. माकडांचं काय, असं कुणी विचारेल. घट्ट झाकणाचा डबा माकडांना सहज उघडता येत नाही, हातात धरलेली पिशवी मात्र ती आनंदाने घेतात. त्यांना आपणहून काही घालणं म्हणजे पुढच्या रविवारच्या पंगतीवर दरोडा घालायला त्यांना तयार करणं.

लक्ष ताटावर असलं की बाकीचं निसटतं, हा आक्षेप तर पुराणकाळापासून आहे. भागवतात कृष्ण सवंगड्यांसह यमुनाकाठी जेवायला बसतो तेवढ्यात वासरं चरत दूर जातात आणि ब्रह्मदेव ती पळवतो. कृष्णाला हातातला घास तसाच घेऊन शोधायला उठावं लागतं. वनभोजनातला निष्काळजीपणा म्हणून हा दाखला देता येईल. पण त्या कथेत जेवण वाईट होतं असं कुणी म्हटलेलं नाही. आजही दहीहंडीला काला त्याच जेवणाच्या आठवणीने होतो, आणि वासरांची चौकशी कुणी करत नाही. जपानी लोकांनी तर हा वाद मिटवूनच टाकला. चेरी फुलली की ते झाडाखाली चटया अंथरून बसतात, डबे उघडतात, आणि फुलांपेक्षा तांदळाचे गोड गोळे बरे अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. तरी वर्षानुवर्षं त्यांच्या बातम्यांत कोणत्या गावी चेरी किती उमलली याची खबर हवामानासारखी येते. खाणाऱ्यांनीच फुलांवर पाळत ठेवली. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1933 पासून, सरकारने बेकार तरुणांच्या पलटणी जंगलात धाडल्या, तेव्हा त्यांनी झाडं लावली, वाटा पाडल्या आणि सरकारी रानांत जेवायची लाकडी टेबलं आणि निवारे उभे केले. जंगल राखायचं तर लोकांना त्यात बसायला जागा द्यावी लागते, असा त्यांच्या राज्यकर्त्यांचा हिशेब असावा. आपल्याकडे टेबलं नसली तरी चालतील, सतरंजी पुरते. ती मांडण्यापूर्वी झाडून पाहावी, कारण पाचोळ्याखाली विंचू आपल्याआधी बसलेला असू शकतो, आणि रेल्वेप्रमाणे इथेही आधी आलेल्याचा हक्क मानतात.

राहता राहिला प्रश्न जेवणानंतरचा. बसणं इतकं श्रेयस्कर असेल तर आडवं होणं त्याहून श्रेयस्कर, असा युक्तिवाद पोट भरलेले लोक करतात, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. अठ्ठाविसाव्या कलमात वामकुक्षीही नाही. पण ओढ्याकाठच्या ज्या आंब्या-जांभळांच्या सावलीची शिफारस केली, त्यांच्याच पानांची टोकं एकमेकांना शिवून लाल मुंग्या घरटी करतात, आणि जमिनीला समांतर झालेल्या देहाबद्दल त्यांचं धोरण फार जुनं आणि स्पष्ट आहे. तेव्हा डबे बंद करावेत, झाकणं मोजावीत आणि पावणेबाराच्या आत महामार्ग गाठावा. रविवारी दुपारी विरारच्या गाडीत झोपायलाही जागा असते.